कडीवाला राक्षस आणि खालची ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख माननीय केशवराव खेरडे साहेब, अमरावतीहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे वकील मोरोपंतकाका, मुख्याध्यापिका चारुशीलाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे देवीदास गुल्हाने सर, त्यांच्या पत्नी गोदाबाई काकू, माझे सहकारी शिक्षक, कामाचा दिवस सोडून आलेल्या माता-पालक, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो, आपणा सर्वांना माझा दंडवत प्रणाम.

मी मोनाली बोबडे. चौथीच्या वर्गाला शिकवते. शाळेत सगळ्यांत शेवटी आलेली शिक्षिका मीच. मला सरांबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे आणि चिठ्ठीवर तीन मुद्दे लिहून दिले आहेत: शिस्त, वक्तशीरपणा, हस्ताक्षर. तिन्ही खरे आहेत. दिलेलं काम राहून गेलं असं व्हायला नको, म्हणून ते आधी बोलून घेते. सरांच्या वर्गात छडी नव्हती, तरी शांतता असायची. सर घंटेच्या आधी पाच मिनिटं फळ्यापाशी उभे असायचे. आणि सरांचं अक्षर असं की पाचवीतल्या अर्ध्या मुलांचा 'ळ' आजही सरांसारखा निघतो.

आता चौथा मुद्दा. तो चिठ्ठीत नाही.

सरांची फाइल सोमवारी अमरावतीला जाणार आहे. त्यात समितीच्या शेऱ्याचं एक वाक्य आहे. मी ते पाहून आले, म्हणून जसंच्या तसं सांगते. 'काल्पनिक गोष्टींच्या आडून प्रतिष्ठित व्यक्तीची बदनामी केली.' हे वाक्य सरांच्या सेवापुस्तकात कायमचं बसेल. सर अठ्ठावीस वर्षं शिकवून, मुदतीच्या दोन वर्षं आधी, हे वाक्य घेऊन घरी जाणार आहेत.

हे वाक्य चुकीचं आहे. चूक माझी आहे. आज शनिवार, फाइल अजून शाळेत आहे, म्हणून आजच बोलते आहे.

साहेब, मला थोडं मागून सुरुवात करावी लागेल. माझं घर रिद्धपूरचं. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आजोबांनी घरीच शिकवलं, पोथीसमोर बसवून. आमच्या घरी एक शिस्त होती. कोणतीही हकीकत सांगायची तर ती कोणाकडून ऐकली आणि कुठे घडली, हे आधी सांगायचं. मी आजोबांना म्हटलं की विहिरीवर साप होता, तर ते विचारायचे, "तू पाहिला, का कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं असेल तर त्याचं नाव. नाव आठवत नसेल तर ती हकीकत सांगायचीच नाही. मला या शिस्तीचा आजही अभिमान आहे. पण तिच्यामुळे झालं असं, की ज्याला आपण परीकथा म्हणतो ती मी लहानपणी ऐकलीच नाही. बोलणारा पोपट कोणी पाहिला? कोणी सांगितलं त्याचं नाव काय? मग सोडून दे.

अशी मी या शाळेत आले, आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला सरांच्या वर्गाबाहेर उभी राहून ऐकलं, तर आत एक म्हातारी भोपळ्याशी भांडत होती आणि भोपळा तिला उलट उत्तरं देत होता. मी अस्वस्थ झाले. आठवडाभर विचार केला आणि सरांना विचारलं, "सर, हे आपण खोटं शिकवत नाही का?"

सर म्हणाले, "खोटं म्हंजे काय बाई? खोटं तं तवा होते, जवा ऐकणाऱ्याले ते खरं वाटते. हे पोट्टे का येडे हायेत? विचार बरं त्याईले, राक्षस कुठं रायते."

मी खरंच विचारलं. पहिल्या बाकावरचा मुलगा माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाला, "मॅडम, राक्षस गोष्टीतच रायते. बाहेर कुठं रायते?"

सरांची आणखी एक सवय होती. गोष्ट कोणत्या गावची, ते कधी सांगायचे नाहीत. "आटपाट नगरची," एवढंच. एकदा एकीनं चिकाटीनं विचारलं, "सर, आटपाट नगर वरुडच्या अलीकडं का पलीकडं?" सर म्हणाले, "तिकडला रस्ता बंद हाये सध्या. काम चालू हाये." वर्ग हसला. मीही हसले, पण मनात म्हटलं, ही सरांची उणीव आहे. आधार नसलेली गोष्ट म्हणजे पाया नसलेलं घर. ही उणीव भरून काढायला मी एक वही केली. रकाने तीन: गोष्ट, सांगणारा, कोणाकडून आणि कुठली. सरांनी वही पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "छान आखली." त्यांनी त्यात एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, का म्हणून.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सर शाळेत नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेले होते. हजेरीपटात त्यांची रजा आहे. मी काल पुन्हा पाहिली. त्या दिवशी तो तास मी घेतला. मला गोष्टी येत नाहीत, म्हणून मुलांना म्हटलं, तुम्हीच सांगा. आणि एका लेकरानं ही गोष्ट सांगितली. मुलगा की मुलगी, कोणत्या वर्गातलं, हे मी सांगणार नाही.

एक राक्षस होता. त्याच्याकडे सोन्याच्या फळांचं गोदाम होतं. फळं पुसायला तो गावातल्या सगळ्या बायांना बोलवायचा. बाया आत गेल्या की बाहेरून कडी लावायचा आणि म्हणायचा, गाडी भरली का उघडतो. एक दिवस गाडी भरायच्या आधीच राक्षसाला तहान लागली. पाणी द्यायला बाहेर कोणी नाही. मग भूक लागली. भाकर थापायला कोणी नाही. मग पाठीला खाज सुटली, तर खाजवायलाही कोणी नाही. सगळ्या बाया आत. राक्षस दारापाशी येऊन बसला. म्हणाला, "बायाहो, कोनी हाये का?" आतून आवाज आला, "आमी तं हाओ बाप्पा, पन कडी तुह्याकडं हाये." राक्षसानं थोडा विचार केला. आणि कडी काढली.

खाजेला वर्ग खूप हसला. मीही हसले. आणि मग मी माझी वही उघडली. विचारलं, "कोणाकडून ऐकली?" लेकरू म्हणालं, "आईनं सांगितली." मी विचारलं, "कुठली आहे?" ते थोडं थांबलं. आता मला ते थांबणं आठवतं. तेव्हा वाटलं, त्याला प्रश्न कळला नसावा, म्हणून मी पुन्हा विचारला. बाईंनी दोनदा विचारलं की मूल उत्तर देतं. ते म्हणालं, "आईच्या शेडमधली."

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे होतं. मला ही गोष्ट सगळ्यांत आवडली होती, म्हणून मी ती माझ्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिली. आणि खाली, आजोबांनी शिकवलं तसं, एक ओळ लिहिली. 'कुठली: गावाबाहेरची संत्र्याची शेड. सांगणारी: तिथे काम करणारी एक आई.' नाव घातलं नाही, तर मला वाटलं, किती काळजी घेतली मी. गावाबाहेरच्या रस्त्यावर संत्र्याची शेड एकच आहे. ती, अध्यक्ष महाशय, आपली आहे.

सर सकाळी आले, फलकापुढे उभे राहून शेवटपर्यंत वाचलं आणि हळूच म्हणाले, "हे खालची ओळ कावून लिहिली?"

"सर, आधार द्यायला हवा ना."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

मी टाचण्या काढायला हात उचलला, तोवर साहेब, आपण माझ्या मागे उभे होता. मी आपला चेहरा पाहिला आहे, म्हणून सांगते. गोष्ट वाचताना, राक्षसाला खाज सुटते तिथे, आपण हसलात. मिशीतल्या मिशीत, पण हसलात. पुढे कडी काढतो तिथे आपण थोडे थांबलात. मग आपली नजर खालच्या ओळीवर गेली, आणि आपण विचारलंत, "कोन हाये ही बाई?"

(चारुशीलाताईंची चिठ्ठी आली आहे. 'आवरतं घ्या.' ताई, घेते. मधलं सोडलं तर शेवट कळणार नाही, एवढं मात्र समजून घ्या.)

आपल्या शाळेतल्या चार मुलांच्या आया तेव्हा त्या शेडमध्ये कामाला होत्या. सोमवारी मुकादमानं चौघींना सांगितलं, नाव निघालं नाही तर गुरुवारपासून चौघींनीही येऊ नका. बुधवारी समितीची सभा झाली. मी तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते, वही मांडीवर होती आणि वहीत नाव होतं. आपण मला विचारणार, एवढ्यात सर उठले. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता त्यांना. म्हणाले, "गोष्ट माही हाये. खालची ओळ बी म्याच लिहाले लावली. त्या बायाईचा याच्यात काई संबंध नाई."

कोणीतरी विचारलं, "कावून लिहिली सर?"

"म्हातारा झालो. चाळे सुचतेत."

थोडं हसू झालं आणि विषय मिटला. चौघींचं काम टिकलं. शनिवारचा तास बंद झाला, शेरा लिहिला गेला, आणि समितीनं सुचवल्यावर सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. मी पूर्ण वेळ तिथे होते. मी काहीही बोलले नाही. ज्या घरात सापाचासुद्धा साक्षीदार विचारला जायचा त्या घरातली मी, आणि मी गप्प बसले. सभेनंतर पाण्याच्या टाकीपाशी सर मला म्हणाले, "तुह्यी नोकरी अजून पक्की व्हाची हाये. माही सरत आली. गप राय." मी त्यांचं ऐकलं. ऐकणं सोयीचं होतं, हेही खरं आहे.

गेल्या रविवारी मी त्या आईच्या घरी गेले. ती ओट्यावर संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. वर न पाहता म्हणाली, "बसा मॅडम. आता काय लिहाले आल्या?"

मी म्हटलं, "लिहायला नाही. विचारायला आले."

"विचाराले आल्या म्हंजे लिहिसानच."

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी तिला सरांच्या शेऱ्याचं सांगितलं. तिचा हात थांबला. जुडी खाली ठेवून म्हणाली, "हे पाहा, माह्यं नाव नोका घेऊ. लेकराचं बी नोका घेऊ. आमाले तिथंच काम करा लागते. पन सरले असा डाग लावून नोका जाऊ देऊ."

"दोन्ही एकदम कसं करू?"

"मले काय विचारता? शिकल्या तं तुमी हाय."

मी तिला विचारलं, ही गोष्ट तू का रचलीस? ती म्हणाली, "लेकरू विचारे, आई, तू काहून येत नाई लवकर? त्याले का सांगू, मले कोंडते म्हनून? ते भिलं असतं. मंग म्या राक्षस केला, आन् त्याले खाज सुटवली. लेकरू हासे. हासलं का झोपे."

मंडळी, परीकथांचा समाजाला काय उपयोग, यावर मी बी.एड.ला निबंध लिहिला होता. कल्पनाशक्तीचा विकास, शब्दसंपत्ती, मूल्यशिक्षण. चांगले गुण पडले होते. या बाईनं ओट्यावर जे सांगितलं ते त्या निबंधात कुठेच नव्हतं. जे सांगितलं तर काम जाईल आणि न सांगितलं तर लेकरू रडेल, ते सांगायला माणसाकडे दुसरी कोणती जागा असते? आटपाट नगराचा रस्ता सर का बंद ठेवायचे, ते मला त्या ओट्यावर कळलं. तिथे जाणाऱ्याला पत्ता विचारायचा नसतो. मी विचारला, लिहून घेतला आणि फलकावर टांगला.

वही माझ्या पिशवीत होती. आमच्या घरी पोथीचं जीर्ण झालेलं पानसुद्धा फेकत नाहीत, कापडात बांधून ठेवतात. मी वहीचं ते पान फाडून तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, चुलीत घातलं आणि वर चहाचं भांडं ठेवलं. "घेऊन जा चहा," म्हणाली. मी घेतला.

अध्यक्ष महाशय, आता जे सांगते ते आपल्या बाजूचं आहे, आणि ते न सांगणं अन्याय होईल. जानेवारीच्या शेवटी आपल्या शेडची बाहेरची कडी निघाली. मी ऐकीव सांगत नाही. रस्त्यावरून जाताना स्वतः पाहिलं. कडीच्या जागी पत्र्याला चार भोकं उरली आहेत आणि दाराला आता आतून लावायची खिटी आहे. हे कोणी करायला लावलं? कोणी अर्ज केला नव्हता, कोणी तपासायला आलं नव्हतं. कोणाला न सांगता आपण ती काढलीत. एरवीही शाळेची ही टाकी, हे छप्पर आपण दिलंत, आणि कडीसुद्धा आपण फळांची चोरी होते म्हणून लावली होती, असं मी ऐकलं आहे. गोष्टीतल्या राक्षसाला कोणी मारलं नाही, हे आपणही वाचलंत. त्याला थोडा विचार करायला वेळ दिला होता, एवढंच. ती गोष्ट वाचणाऱ्याला कमीपणा न येता दार उघडायची सोय ठेवत होती. माझ्या खालच्या ओळीनं ती सोय काढून घेतली. आपला राग त्या ओळीवर होता, आणि तो योग्य होता. फक्त तो चुकीच्या माणसाच्या सेवापुस्तकात लिहिला गेला.

आपण विचाराल, सरांची नाही तर गोष्ट कोणाची? ते आता कोणत्याही वहीत नाही. मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. लेखी विचारलंत तर लेखी हेच उत्तर देईन. आयुष्यात पहिल्यांदाच, ऐकलेल्या गोष्टीचा सांगणारा मी लपवते आहे. आजोबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, कोण जाणे. आणि त्या चौघींपैकी कोणालाही पुन्हा 'येऊ नका' म्हणायची वेळ आली, तर ते आधी मला म्हणा. ओळ माझी आहे, अक्षर माझं आहे, भित्तिपत्रक अजून कपाटात आहे. माझा 'ळ' सरांसारखा नाही, हे कोणीही ताडून पाहावं.

हे माझं निवेदन. दोन प्रती आहेत. त्यात एवढंच आहे की त्या शनिवारी सर रजेवर होते, तास मी घेतला, खालची ओळ मी माझ्या मनानं लिहिली, आणि सरांनी ती काढायला सांगितली होती. मोरोपंतकाका, आपण वकील आहात, भाषा कुठे चुकली असेल तर सांगा, मी इथेच दुरुस्त करते. शनिवारच्या तासाबद्दल आज काही मागत नाही. एका अर्जात दोन मागण्या घालू नयेत, हे मला सरांनीच शिकवलं आहे.

सर, आपण मान खाली घातली आहे. आपण मला गप राहायला सांगितलं होतं, ते मी मोडलं. त्याची वेगळी क्षमा मागते. गोदाबाई काकू, तीन महिने आपण मला रस्त्यात भेटल्यावर 'जेवली का' विचारत होता आणि मी नजर चुकवत होते, त्याचीही.

आपण सर्वांनी पाच मिनिटांच्या जागी इतका वेळ माझं ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलताना शब्द कमीजास्त झाले असतील, मोठ्यांसमोर आवाज चढला असेल, ते पोटात घाला. ती ओळ मात्र पोटात घालू नका. तिचा दोष सरांच्या शेऱ्यातून काढून माझ्या नावापुढे लिहा.

अध्यक्ष महाशय, निवेदन आपल्यासमोर ठेवते. दुसऱ्या प्रतीवर आपली पोच मिळेपर्यंत मी इथेच उभी आहे.